एकशे एकसष्ट पायऱ्या

चौतीस वर्षं बंदरातल्या क्रेनच्या केबिनमध्ये
देसिदेरियो खालीच बघत बसला,
स्वतःच्या दोन गुडघ्यांमधून, काचेतून.
वाल्पाराइसोत जिकडेतिकडे समुद्र,
त्याच्या वाट्याला आले कंटेनर, लाल, निळे, गंजके.

आता मान तशीच राहिलीय,
पडलेलं नाणं शोधणाऱ्यासारखी.
पाठीला बाक. उजवा गुडघा
उठताबसता काहीबाही बोलतो.

"झिजतोय ना, मग जपूनच वापरतो," तो म्हणाला.
यास्ना हसली नाही.
सरकारी दवाखान्यातली पोरगी, हात थंडगार.
भांडी घासायचा स्पंज तिनं नळाखाली धरला,
मुठीत दाबला, सोडला.
"कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात.
ती अशी जेवते.
भार पडला की जुनं पाणी बाहेर,
उठला की ताजं आत.
तुम्ही खुर्चीत बसून तिला उपाशी ठेवलंय."

उपाशी. हा शब्द लागला त्याला.
मार्गोत गेल्यापासून त्या घरात
वेळेवर कुणालाच वाढलं गेलं नव्हतं,
मांजरालासुद्धा.

म्हणून जिना.
बेकरीपासून टेकडीवरच्या घरापर्यंत एकशे एकसष्ट.
पहिल्या दिवशी अकरा,
कठडा धरून, शिव्या देत,
मांड्या लटलटताना.
दुखलं.
पण दुखण्याच्याही दोन जाती,
एक ओरडते, थांब.
दुसरी नुसती कुरकुरते आणि सोबत चालते.
कोणती कुठली, हे कळायला महिना गेला.
मध्येच ताप आला.
मग पुन्हा अकरापासून.

संध्याकाळी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं.
टाचा टेकतात, ढुंगण टेकतं, खांदे कसेबसे,
डोकं भिंतीपासून चार बोटं लांब.
बोटं मोजायला शेजारचा नाहुएल येतो.
आज म्हणाला, साडेतीन.
पोराची बोटंच जाड होत असतील, कुणी सांगावं.

एक्स-रे मागच्यासारखाच.
यास्नानं उजेडासमोर धरून दाखवला,
झीज तिथंच, काटे तिथंच.
"फोटोत हाडं दिसतात," ती म्हणाली,
"मांड्या दिसत नाहीत."

काल पावाची पिशवी घेऊन चढताना
एकशे चाळिसाव्या पायरीवर तो थांबला.
दमला म्हणून नाही.
खाली धक्क्यावर त्याची क्रेन उभी होती,
आणि केबिनमध्ये कुणीतरी
गुडघ्यांमधून खाली बघत बसलेलं.
त्यानं हात केला. खांदा कटकन वाजला.
तो वर बघणार नाही, हे त्याच्याइतकं
कुणाला माहीत.
तरी बराच वेळ हात वरच होता,
पिशवीतला पाव निवत.