कोरडी बुडी

पोशाख आला तो नॉर्वेहून,
कुणा तेलविहिरीवरच्या पाणबुड्याचा, जुना,
गुडघ्याला दोन ठिगळं, पायात अकरा नंबर.
माझा पाच. इनासने बुटांत
मोज्यांचे तीन जोड कोंबले, म्हणाला, चालेल.

निवतीच्या जेटीवर आश्विनातली सकाळ.
वरचं पाणी कोमट, रापणीच्या दोरासारखं ओळखीचं,
पण दहा वाव खाली गेलं की
दर वर्षी याच दिवसांत एक गार पट्टा सरकत येतो,
हिरवा, गढूळ, सुरमईलाही नकोसा.
त्यात तासभर प्रवाळ मोजायचं म्हणजे
दात वाजतात, पाटीवरचे आकडे वाकडे होतात.
गेल्या साली मी सतराचे एकाहत्तर लिहिले.

मानेच्या रबराला पावडर लाव, इनास सांगतो.
बाळाची पावडर. आधी मनगटं, मग डोकं,
डोळे मिटून, जन्माला येताना येतात तसं.
(हे माझं. तो फक्त म्हणाला, कानातलं काढ.)
पाठीवरची चेन तो मेणबत्तीने घासतो,
या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत ओढतो.
कमरेला चार किलो शिसं जास्त.
आता उकिडवी बस, मानेत बोट घाल, हवा सोड.
पोशाख पादल्यासारखा आवाज करतो.
जेटीवरची पोरं हसून हसून आडवी.

बाबा बघत होते, जाळं सांधता सांधता.
लंगोटीवर शिनाणे काढलेले बाबा,
कमरेला सुंभाची दोरी, हातात कोयती,
तीन दमांत टोपली. त्यांची कातडी
आजही जिभेला लावली तर खारट लागेल.

पाच वाव. पाणी मला आवळतं,
बारशाला जमलेल्या सगळ्या आत्यांनी एकदमच धरावं तसं.
छातीवरचं बटण दाब. हवा. थोडी. अजून थोडी.
मांड्यांवरच्या वळ्या सैल होतात.
मी हसले असेन, आणि हसता हसता
हवा गेली सगळी पायांत,
अकरा नंबरच्या बुटांत,
आणि मी उलटी,
वटवाघळासारखी, वर वर निघालेली.
गुडघे पोटाशी घे, गोल हो, लोळ.
वाळूत वीस वेळा केलं होतं हे.
पाण्यात एकविसावी वेळ पहिलीच असते.
डावा दंड वर. भसकन हवा गेली. थांबले.

दहा वाव. हिरवा पट्टा.
गालांना कळलं, ओठांना कळलं,
बाकी अंगाला कुणी सांगितलंच नाही.
आयुष्यात पहिल्यांदा
मी समुद्रात होते आणि समुद्र
शेजारच्या घरात भांडण चालावं तसा
भिंतीपलीकडे.
पाटीवर सतरा लिहिले. सतराच.

बाहेर आले. चेन उघडली.
आतलं स्वेटर कोरडं, पावडरीचा वास.
बाबा उठून आले, माझ्या दंडाला बोट लावलं,
बाजारात दुसऱ्याचा मासा बघावा तसं.
“दर्यात गेललंस ना गो?
मगे सुक्या आंगान कशी इलंस?”

मला उत्तर सुचेना.
डाव्या मनगटाचं रबर सोडवताना
शिरेशेजारच्या खाचेतून आत शिरलेलं
अर्धी वाटी पाणी त्यांच्या पायावर सांडलं.
इनास म्हणाला, गळतंय, मूठ आवळत जाऊ नकोस,
घट्ट रबर मागवू.
बाबा काही म्हणाले नाहीत. पाय तेवढा
होता तिथेच ठेवला.