पिकवणी

शुक्रवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते.
म्हापशाचा बाजार थेट आमच्या पायरीला लागतो,
चवरीसांच्या माळा, केळीची ओली पानं,
आणि सुट्ट्यांवरून एक तरी भांडण.

कुष्टा आगरवाडकर आता शनिवारी येतो,
डायलिसिस आटपून,
शर्टाची एकच बाही वर, दंडाला पट्टी.
शुक्रवारी तो याच पायरीखाली बसायचा
मिठाची रास घालून.
पायली भरली की वर एक मूठ,
न मागता.

चिठ्ठी सरकवत म्हणतो, बाय, वताच्यो गुळयो दी.
मी पत्ता काढते. कॅल्सिट्रिऑल, पाव मायक्रोग्रॅम.
तुमच्या मिठाच्या एका खड्यात, मी म्हणते,
असे हजारो पाव मावतील.
तो हसत नाही.

चाळीस वर्षं आगरात उभा होतो.
डोक्यावर टॉवेल, पाठ उघडी,
जानेवारी ते मे, सावलीला तिवराचं झुडूपसुद्धा नाही.
ते वत मी खाल्लं, प्यालो, नेसलो.
मग आत गेलेलं ऊन गेलं कुठे?
आणि मला ते पत्त्यातून विकत का घ्यावं लागतं?

मी शिकले तसं सांगते.
ऊन कातडीत उतरतं, तिथून जे निघतं ते यकृतात जातं,
यकृत त्याला अर्धं घडवतं.
शेवटचा हात मूत्रपिंडाचा.
तो फिरला तरच जेवणातला चुना अंगी लागतो.
तुमच्या रिपोर्टात अर्धं घडलेलं पुष्कळ आहे, मामा,
पण

मागे दोघं उभे. एकाला खोकल्याचं औषध हवं.

कळलं, तो म्हणतो,
आणि काउंटरच्या काचेवर बोटाने रेघा ओढत
उलट मलाच समजावतो:
ही मानस. भरतीला दार उघडलं, खाडी आत आली.
ही तापवणी. इथे पाणी जड होत जातं.
ही पिकवणी.
पायांनी मळून, धोपटून, आरशासारखी केलेली भुई.
मीठ धरतं ते इथेच.
वरती पाणी किती का तापेना,
पिकवणीची भुई फुटली
की राहतो तो खारा चिखल.

आणि बांध खचला तर, मी विचारते.
दुसऱ्या बांधाची माती काढून भरायचा, तो म्हणतो,
दुसरं काय.
म्हणता म्हणता त्याचा हात गुडघ्यावर जातो.
मानेतल्या डाळीएवढ्या चार ग्रंथी
रात्रंदिवस त्याच्या हाडांतून चुना उपसतायत
रक्तातला कमी पडू नये म्हणून,
हे मी सांगणार होते.
आता गरज नाही.

कशाने गेली मूत्रपिंडं?
डॉक्टर म्हणतात, रक्तदाब.
त्याची बायको सत्यवती म्हणते, कंबरेच्या गोळ्या.
ओझी वाहून कंबर धरायची, तो रोज दोन खायचा,
कधी तीन, चिठ्ठीशिवाय.
सत्यवती हे म्हणताना माझ्याकडे बघत नाही.
त्या गोळ्या या दुकानातल्याच,
आधी बाबांच्या हातून,
नंतर माझ्या.

घरी तिची पेज अळणी.
खारा बांगडा बंद, शहाळं बंद,
पोतंभर मीठ माळ्यावर, पाहुण्यांसाठी.

तो पैसे मोजतो. मी दहा रुपये सोडते,
तो ते परत माझ्याकडे सरकवतो.
मग पिशवीतून कागदाची पुडी काढतो:
पोराने यंदा दोनच खण लावले, चाखून बघ.
पुडी दिवसभर गोळ्यांच्या बरण्यांशेजारी राहते,
संध्याकाळपर्यंत कागद ओला.

दुकानातून बसस्टँड दिसतो.
पेडण्याची बस लागली की तो आत चढतो,
लगेच खाली उतरतो, आभाळाकडे बघतो,
हिशेब करतो गाडी कुठे वळेल त्याचा,
आणि पुन्हा चढून
कुणाला तरी उठवून
उन्हाच्या बाजूची खिडकी मागून घेतो.