ब्लॉक क्रमांक ४४१२

परळला, तळमजल्यावर, मी मेण कापते.
चार मायक्रॉन.
कांद्याचा पापुद्रा याच्यापुढे गोधडी.
कापलेली पट्टी कोमट पाण्यावर सोडायची,
सुरकुती मोडेपर्यंत थांबायचं,
मग काचेवर उचलायची, दुधावरची साय उचलावी तशी.

नंतर प्रतिपिंड, नंतर धुणं, नंतर रंग.
ज्या पेशीत ते प्रथिन असतं, ती तपकिरी होते.
नसतं, ती निळी राहते.
तपकिरी म्हणजे कसा?
पानवाल्याच्या भांड्यातल्या काताचा.
पहिल्यांदा पाहिला तेव्हा काच पुसून पुन्हा पाहिली होती.

डॉक्टर मुकादम पाचशे पेशी मोजतात,
"साठ टक्के" म्हणतात, मी साठ लिहिते.
दहा वर्षांपूर्वीचे ब्लॉक, दोनशे सात माणसं,
प्रश्न एवढाच: साठवाले किती जगले, दहावाले किती?
प्रथिनाच्या जिभेवर म्हणे तीळ भिजत नाही.
बघू.

दुपारी फोन करायचे, हेही माझंच काम.
रकाने तीन: हयात, मयत, संपर्क नाही.
अर्धे नंबर आता भलत्याच कुणाचे,
एक पनवेलच्या डीजेवाल्याचा निघाला.

४४१२. भागीरथी तांडेल, शिवडी.
केसपेपरवर: मिश्री, दिवसातून चारदा, वीस वर्षं.
अडुसष्ट टक्के.
पेन मी आधीच 'मयत'वर टेकवलं होतं,
खोटं कशाला बोलू.

फोन तिनेच उचलला.
बोलली. बराच वेळ.
ओल्या पोत्यासारखे शब्द, कडा नसलेले.
एकही कळला नाही, मी हो हो म्हणत राहिले.
मागे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
मग सुनेने फोन घेतला:
"आई विचारतायत, तो कापलेला तुकडा
तुम्ही फेकून दिला का?"

मी ड्रॉवरकडे पाहिलं.
जिभेला हाड नसतं,
म्हणून सकाळी पातं कुठे अडलं नव्हतं.
तिची अर्धी जीभ इथे मेणात,
अडुसष्ट टक्के एवढंच बोलून गप्प.
उरलेली शिवडीत, सुनेशी भांडतेय.

"नाही हो," म्हटलं, "ठेवलाय. नीट आहे."
सुनेने ते तिकडे ओरडून सांगितलं.
तिकडून लांबलचक काहीतरी आलं. सून हसायला लागली.
"राहू द्या, सांगण्यासारखं नाहीये."

रकान्यात मावलं तेवढं लिहिलं: हयात.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या,
एका माणसाने आलेख हलत नाही.
बरोबर आहे.
४४१३ चा फोन लागला नाही.