सोळा बाय सोळाचा माणूस

वुच या गावाच्या नावाचा अर्थ होडी.
गावातल्या नदीचं नाव होडुली.
आणि होडी घालायला पाणी कुठेच नाही:
गिरण्यांनी नदी विटांच्या नळीत कोंडली,
वर रस्ते केले, रस्त्यांवर ट्राम.

बोग्ना म्हणाली, आपण खेळ करू.
खालून, अंधारातून होडी हाकायची.
प्रत्येक गिरणीखाली एक धक्का, एक माणूस, एक निरोप.
रंग फक्त सोळा.
सोळाच का, मी विचारलं, स्क्रीन तर लाखो दाखवते.
लाखो रंगांत सगळंच दिसतं रे, ती म्हणाली,
मग बघणाऱ्यानं काय करायचं?

वर्गणी मागितली. तीस दिवस, बत्तीस हजार झ्लॉटी.
वीस दिलेत तर खेळ,
साठ दिलेत तर माझ्या तीन सुरांची कॅसेट
(लावायला यंत्र कुणाकडे आहे, ते विचारू नका),
तीनशे दिलेत तर तुमचं माणूस धक्क्यावर उभं करू.
अकराव्या दिवशी आकडा बसला तो उठेचना.
तिसऱ्या आवारात, चौथ्या मजल्यावर, बीटाचं सूप भुरकत
आम्ही त्याच्याकडे दूध उतू जाण्याची वाट बघावी तसे बघायचो.
एकानं लिहिलं, माझ्या लहानपणी यापेक्षा बरं दिसायचं.
बरं नव्हतं ते, बोग्ना म्हणाली,
तोच लहान होता.

एकोणतिसाव्या रात्री पैसे पुरे झाले.
शेवटचे तीनशे लुत्सीना नावाच्या बाईंचे.
सोबत फोटो: नवरा, झेनोन, गेला त्याला एकोणीस वर्षं.
कृष्णधवल. शेजारी उभं असलेलं कुणीतरी
कात्रीनं कापून टाकलेलं.

सोळा चौकोन आडवे, सोळा उभे.
त्यात टोपी, खांदे, पाय आणि झेनोन.
बोग्ना चार दिवस टाके मोजणाऱ्या बाईसारखी बसली.
डोळे काढले तर मिशी मावेना,
मिशी काढली तर तो कुणीही होई,
टपालवाला, मंत्री, माझा काका.
एक ठिपका डावीकडे सरकवला की म्हातारा,
उजवीकडे, की प्यालेला.
शेवटी तिनं फोन लावला.
बाई, चेहऱ्याचं काहीतरी सांगा.
पलीकडे बराच वेळ केटली शिट्टी मारत राहिली.
मग बाई म्हणाल्या, चेहऱ्याचं काय सांगू?
रंगखात्यात होता. हात कोपरापर्यंत निळे.
रविवारी पाव कापायचा, तर पावावर निळी बोटं.
मी भांडायचे.

बोग्नानं चेहरा पुसला.
टोपीखाली कातडीचा एक सपाट तुकडा,
आणि हातांच्या जागी, रंगपेटीतल्या तेराव्या घरातले
दोन ठिपके.

खेळ चौदा महिने उशिरा आला.
उशिराबद्दल आम्ही नऊ पत्रं लिहिली,
प्रत्येकात वेगळं कारण, सगळी खरी.

लुत्सीनाबाईंना बटणं जमत नाहीत.
नातू होडी हाकतो, त्या शेजारी बसतात,
चष्मा काढून ठेवतात. तसंच नीट दिसतं म्हणे.
सातव्या धक्क्यावर झेनोन. त्याची दोनच चित्रं:
हात वर, हात खाली.
हात वर, हात खाली.
निरोप घेतला की होडी सुटते,
सुटली की मागे फिरत नाही. नियम आमचाच.

नातवानं आम्हाला लिहिलंय:
तीन आठवडे झाले, आजी निरोप घेऊ देत नाही.
पुढे अजून सहा धक्के आहेत ना? काही करता येईल का?

बोग्नानं उत्तर अजून दिलेलं नाही.
मी त्या धक्क्याचं संगीत उघडलं.
कुणी तिथे नव्वद सेकंदांवर थांबेल असं धरलंच नव्हतं,
तेच तीन सूर, गोल गोल.
काल रात्री एक चौथा घातला,
आणि त्यांच्या पत्त्यावर पाठवून दिला.