बसले, पण

बाणेरच्या त्या काचेच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर,
माझी खुर्ची चांगली होती.
कंबरेला आधार, हाताला आधार, मानेलाही.
तक्रार करावी असं काही नव्हतं, हे आधीच सांगते,
कारण पुढचं ऐकून तुम्ही विचाराल, मग झालं काय?
आईनंही हेच विचारलं.

पगार वेळेवर. शाल्मली मॅडम कधी आवाज चढवायच्या नाहीत.
वाढदिवसाला केक, त्यावर माझं नाव,
एक अक्षर जास्तीचं,
पण ती काय, बेकरीची चूक.

दिवसभर मी पडद्यावर ग्राहकांचं समाधान बघायचे.
ते टक्क्यांत यायचं. ब्याऐंशी. चौऱ्याऐंशी.
एकदा एक्क्याण्णव आलं
तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या,
थोड्या उशिरा,
परक्याच्या लग्नात वाजवतात तशा.

त्याआधी भोसरीला होते, एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये.
जॉब यायचे ट्रेमधून, तेलकट, कोमट,
आणि मी एकेकात गेज घालून बघायचे.
एक टोक आत जायला हवं, दुसरं जायला नको.
एवढंच काम.
तेव्हा तेही कंटाळवाणं वाटायचं, खोटं कशाला बोलू.
मुजावर चाचा मागून ओरडायचे,
"इंगळे, लावून बघ, दाबू नकोस.
दाबलं की काहीही जातं आत."

पण हे वाक्य ऐनवेळी आठवलं वगैरे काही नाही.
झालं ते असं:

मंगळवार होता. लिफ्टपाशी माझं कार्ड चालेना.
सिक्युरिटीचे काका उठून आले, बोलण्यावरून बीडकडचे,
स्वतःचं कार्ड टेकवलं, म्हणाले,
"नवीन दिसताय. पहिलं पहिलं असंच होतंय."

दोन वर्षं, चार महिने.

मी म्हटलं, हो.

त्यांची काय चूक, रोज हजारभर माणसं बघतात ते.
त्यांनी माझी चाल पाहिली असेल,
पिशवी छातीशी धरून, कडेकडेनं,
पाहुण्यांच्या घरात संडास शोधताना चालतात तशी.

मग मोजायला लागले. ती सवय जुनीच.
दुपारी चारला पोटात गोळा येणारे रविवार: एकशे वीस.
आडनावानं हाक मारणारी माणसं: शून्य.
डब्याच्या वेळचे विनोद मला कळायचे,
हसू यायचं नाही.
यायचं तेव्हा एकटीलाच यायचं.
आणि अंग अजून गुरुवारी उशिरा उठू बघायचं,
भोसरीची सुट्टी गुरुवारची असते ना.
बाणेरला आलोय आपण,
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

राजीनाम्याच्या फॉर्मवर कारण विचारलं होतं.
आरोग्य, विवाह, उच्च शिक्षण, वैयक्तिक.
'बसत नाही' असा रकाना नव्हता.
मी वैयक्तिकवर टिचकी मारली.

मॅडम म्हणाल्या, "आमचं काही चुकलं का गं?"
चेहरा खरंच पडला होता त्यांचा.
नाही हो, म्हटलं.
पिन पास होती, बोअरही पास होता,
ड्रॉइंगच दोन वेगळ्या कामांची,
हे त्यांना कसं सांगणार.

ड्रॉवर रिकामा करायला अर्धं मिनिट लागलं.
एक चमचा. छत्री. बामची अर्धी डबी.
शेजारच्या तन्वीरचा मनी प्लांट
भिंत चढून एसीपर्यंत गेला होता.
दोघं एकाच आठवड्यात लागलो होतो.

भोसरीला परत गेले का?
नाही. तिथे आता कॅमेरा मोजतो,
आणि चाचा मुलाकडे मिरजेला असतात.
पुढचं काही ठरलं नव्हतं. अजूनही पुरतं नाही.

खाली काकांनी दार धरलं.
"आज लवकर? उद्या आल्या आल्या
ते कार्ड तेवढं बदलून घ्या."

हो, म्हटलं. घेते.