नऊ मिनिटं

महापेच्या एमआयडीसीत, सी ब्लॉकच्या तळघरात
आम्ही रात्र तयार करतो.
सोळा तासांची, सतरा अंशांची, काळीकुळकुळीत.
बाहेर मे महिना, डांबर बुटाला चिकटतंय.
असल्या गरम रात्रीत बटाटा नुसता पाला वाढवतो,
खाली काही धरत नाही.

एकाच आईची रोपं तीन ठिकाणी:
हुआन्कायोला यास्मिनकडे, हॉलंडात मारिटकडे, आणि इथे.
पान अंधार मोजतं.
पुरेसा भरला की एक निरोप सोडतं शिरेतून खाली,
देठातून, खोडातून, मातीच्या आत,
आडव्या पांढऱ्या फांदीच्या टोकाला:
थांब आता. लांबू नकोस. फुग.

त्या दोघींकडे धरले.
आधी वाटाण्याएवढे, मग लिंबाएवढे.
मी बावीस कुंड्या उपटल्या,
निघाल्या नुसत्या दोऱ्या.
साडेआठच्या कॉलवर मी पाण्यावर, खतावर, कुरिअरवाल्यावर आळ घेतला.
यास्मिन म्हणाली, दाराची नोंद बघ.

रोज १२:४०. नऊ मिनिटं.

कमळाकर भगत, रात्रपाळी,
टोपी हातात घेऊन उभे.
"आत गार असतं, मॅडम. डबा खातो.
मोबाइलची बॅटरी लावतो,
मांदेलीचा काटा दिसायला नको?"
मांदेलीच्या कालवणात बटाटा होता, हेही त्यांनीच सांगितलं.

मी ओरडणार होते. ओरडलेही थोडी.
सगळ्या रात्री मधोमध चिरलेल्या,
आणि पानांचा समज, अजून उन्हाळाच आहे,
रात्री आखूडच आहेत.

यास्मिन हसत सुटली. तिच्या खिडकीत सकाळ होती.
म्हणाली, हेच आम्ही मुद्दाम करतो, टायमर लावून.
तुझ्याकडे तो जेवून गेला.
तक्त्यात नवा रकाना घाल.
मारिटने विचारलं, उजेड नेमका किती?
मी भगतांचा फोन मागून घेतला, मोजला.

आता ते दाराबाहेर बसतात, स्टुलावर,
कंप्रेसरची ऊब अंगावर घेत.
गोल काचेवर टोपी अडकवलीय,
मी सांगितलं नव्हतं.
परवा विचारत होते, हळू आवाजात,
जणू आत कुणी निजलंय:
"झाडाला नऊ मिनिटं कळतात?"
कळतात.
"चौदा वर्षं ट्यूबलाइटखाली रात्र काढतोय,
मी तरी फुगलोच,"
आणि पोटावर हात फिरवून हसले.

गुरुवारी कुंड्या उपटायच्या आहेत.
त्यांची सुट्टी आहे.
येतो म्हणालेत.