मार्जिन

धंतोलीच्या दवाखान्यात कूलर नव्हता, एसी होता,
त्यामुळे मे महिना बाहेरच थांबला, चपलांपाशी.
डॉक्टर मोहरीलबाईंनी हातात आरसा दिला.
म्हणाल्या, मान खाली घाला. आता समोर. आता छताकडे.
खाली वाकल्यावर जो चेहरा माझ्यावर ओघळला
तो रस्त्यात भेटता तर मी ओळख दिली नसती.
छताकडे मात्र चाळिशीतली बेबी हेडाऊ,
महालात नवं दुकान घेतलेली,
तोंडात टाचण्या धरून हसणारी.

काविळीत अकरा किलो गेले.
दहा परत आले, पोटावर, दंडावर.
गालाचं तेवढं एक किलो कुठं उतरलं कोण जाणे.
गिऱ्हाइकं विचारतात, ताई, बरं नाही का?
बरी आहे बाप्पा, दिवाळीपासून बरीच आहे.
माप मी तुमचं घेऊन राहिली का तुम्ही माझं?

बाईंनी पांढऱ्या पेन्सिलीनं गालावर रेघा मारल्या.
मला हसू आलं. खडू मारणं माझं काम.
त्या सांगत होत्या: आतला भराव कमी झालाय,
वरची कातडी थोडी सैलावलीय.
भरायचं तर फिलर, वर्ष-दीड वर्षात विरघळतं.
ओढायचं तर धागे. नाहीतर मशीन,
आतून शेक देणारं, फरक तीन महिन्यांनी.
नाहीतर मांडीची चरबी गालात.
नाहीतर सरळ कापून, शिवून.
शिवण कुठं येते? मी विचारलं.
कानामागे. दिसत नाही.
न दिसणाऱ्या शिवणी मी बत्तीस वर्षं घालते आहे.
मला दिसतात.

त्यांच्या कुर्त्याची डावी बाही मुंढ्यात चुण्या खात होती.
बोलले नाही.

पोरींना मी पहिल्या दिवशी शिकवते,
ब्लाउज ढिला वाटला की लगेच टीप मारू नका,
आधी बघा, कापड वाढलंय का बाई आटलीय.
आटलेल्या बाईवर कापड ओढून बसवलं
तर चुण्या बगलेतून छातीवर येतात
आणि अक्षता टाकायला ती हात उचलत नाही.
ओढलेलं बोलतं. भरलेलं गप्प बसतं,
पण प्रमाणात. आमच्याच गल्लीतल्या एकीचे गाल
आता तिच्या आधी दुकानात शिरतात.

आणि मार्जिन? मी म्हटलं.
त्यांना कळेना.
मग सांगितलं, ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना
दीड-दीड इंच कापड दाबून ठेवते मी,
बाळंतपणासाठी, थायरॉइडसाठी,
सुखानं अंगावर येणाऱ्या वर्षांसाठी.
उसवलं की मिळतं.
इथं आत काय दाबून ठेवलंय?
त्या पेन्सिल हातात धरून नुसत्या बघत राहिल्या.
काही नाही, म्हणाल्या. आहे ते सगळं वरच आहे.

निघताना मात्र राहवलं नाही.
म्हटलं, बाई, तो कुर्ता पाठवून द्या,
मुंढा उथळ कापलाय. कापडाची चूक नाही.
त्यांनी चटकन हात खाली घेतला,
मान खाली घालायला सांगितल्यावर
मी आरसा घेतला होता, तसा.

एका सिरिंजमध्ये अस्तराचे पंचेचाळीस ब्लाउज जातात.
बर्डीच्या जिन्यावर हिशेब केला,
मेट्रोत पुन्हा केला, तेवढेच आले.

प्रणोती काज करत होती.
काहून करून राहिल्या ताई हे सगळं, कोण पाहते?
कोण पाहते म्हणजे?
दिवसभर ट्रायलच्या आरशात
गिऱ्हाइकाच्या खांद्यामागे कोण उभं असते?
तिच्या पाठीचं हुक लावताना
समोर पाहावंच लागतं मला.

संध्याकाळी फोन केला. एकच सिरिंज,
अर्धी इकडे, अर्धी तिकडे.
ओढायचं काही नाही.
गळा आहे तसा राहू द्या, तो उघडाच शोभतो.
लग्नाचे मुहूर्त संपले की येते.

ताई, गालावर खडू लागलाय, प्रणोती म्हणाली
आणि ओला फडका घेऊन उठली.
थांब, म्हटलं.
पुसू नको. कटिंग व्हायचंय अजून.